नाव घातलेला घोटा

सोमवार, ७ एप्रिल

आले बाई एकदाची सोलापुरात! नोकरी, खोली आणि खोलीची स्वतःची किल्ली, सगळं एकाच दिवशी हातात पडल्यावर माणसानं खूश होऊ नये तर काय करावं? त्या खुशीतच ही वही घेतली. रोज लिहायचं असं ठरवलंय. किती दिवस टिकतं ते बघू, कारण योगासनांचंही मी असंच ठरवलं होतं.

कॉलेज फिजिओथेरपीचं आहे, नवंच निघालेलं. इमारत मात्र जुन्या कापडगोदामाची. शरीररचना विभागात मी ट्यूटर. म्हणजे पोरांच्या हातात हाडं द्यायची, त्यांच्याकडून ती ओळखून घ्यायची आणि तास संपल्यावर सगळी परत आलीत ना ते बघायचं. खोली तिथून दोन गल्ल्या सोडून, भवानी पेठेतच. घरमालकीण कमलम्मा साठीच्या पुढच्या, घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. दिवसभर दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसतात. खाली त्यांच्या मुलाचे टॉवेलचे माग, वर मी. जिना लाकडी. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "अम्मा, जिना जरा बोलतो हां. घाबरायचं नाही." मागांची खटाखट ऐकून दुपारी वाटलं, इथे वेड लागणार. संध्याकाळपर्यंत तीच सोबतीची वाटायला लागली.

सोडायला आण्णा आले होते. अर्धं पोतं ज्वारी, घोंगडी आणि आईनं दिलेली शेंगाचटणी. सोलापुरात शेंगाचटणी घेऊन येणं म्हणजे कमालच, पण आईला कोण सांगणार? परत जाताना मी खिडकीतून गल्लीच्या टोकापर्यंत त्यांना बघत राहिले. एका अंगाला किंचित कलून चालतात, शेजारी मेंढरं असल्यासारखे. आमच्या माळावर लांबून तोंड दिसत नाही, म्हणून माणूस चालीवरून ओळखायचा. आण्णा दोन शेतं पलीकडून सांगतात कोण येतंय ते. माझ्याबद्दल म्हणतात, "ऋतू टाच हाणत येती, आन् सोनी उड्या मारत." घरातल्या सगळ्यांना ती सवय आहे. मी फिजिओथेरपी घेतली ती त्यामुळेच असावी.

सोनी म्हणजे सोनाली, माझी धाकटी बहीण. नुकतीच बारावीची परीक्षा दिलीय आणि खो-खो खेळते. खेळते म्हणजे काय, वाऱ्यासारखी सुटते. मे महिन्यात तिचं सोलापूरला निवड शिबिर आहे, तेव्हा ती माझ्याकडेच राहणार. राज्याच्या संघात गेली तर आमच्या घराचं नशीबच फिरेल. तिच्या पायांना आई अजून रोज तेल चोळते. मी तिच्यासाठी आत्ताच एक गादी सांगून ठेवलीय.

बुधवार, ९ एप्रिल

विभाग म्हणजे एक लांबलचक खोली, दोन टेबलं, कपाटं आणि कोपऱ्यात स्टँडला टांगलेला सांगाडा. विभागप्रमुख हिंदुराव सर सज्जन आहेत, पण सदा घाईत. पुढच्या महिन्यात तपासणीची कमिटी येणार, तोवर सांगाडा पूर्ण करून ठेवा म्हणाले. त्याची पावलं आणि खालचा जबडा बसवलेला नाही. सुटी हाडं एका लाकडी पेटीत आहेत. हे सगळं कुठल्याशा बंद पडलेल्या कॉलेजातून आलं, असं शिपाई मल्लेश म्हणाला. मल्लेश चहाचा भक्त. हाडांपेक्षा कपबशा जास्त जपतो.

हाडांवर नावं आहेत. यात नवल नाही, हाडांचा संच वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जातो आणि जो तो आपलं नाव टाकतो. मांडीच्या हाडावर मंजुनाथ, खांद्याच्या फऱ्यावर शिवू, गुडघ्याच्या वाटीवर युवराज. हा युवराज म्हणजे माझ्या आधीचे ट्यूटर. जवळजवळ प्रत्येक हाडावर कुणी ना कुणी आहे, आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं. पेटीच्या तळाशी मात्र तीन हाडं कोरी सापडली: खालचा जबडा आणि दोन्ही पायांचे टॅलस.

टॅलस माझं लाडकं हाड. नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड मिळून वरून जो चिमटा करतात, त्यात हे बसतं. आपल्याला बाहेरून जे घोट्याचे दोन उंचवटे दिसतात ते त्या चिमट्याचे. खरा घोटा म्हणजे टॅलस, तो आत लपलेला. वरचा भाग कप्पीसारखा गुळगुळीत, खाली टाचेचं हाड, पुढे नावेच्या आकाराचं छोटं हाड. अंगाचा सगळा भार त्याच्यावर येतो आणि तरी त्याला एकही स्नायू चिकटलेला नसतो. शिकवताना आम्ही स्नायू जिथून निघतो तिथे लाल रंग लावतो आणि जिथे बसतो तिथे निळा. टॅलसवर दोन्ही नाहीत. ते आपणहून हलत नाही, शेजारचे नेतील तिकडे जातं. घरात अशी एखादी व्यक्ती असतेच, आमच्याकडे ती आई आहे.

शनिवार, १२ एप्रिल

आज अर्धाच दिवस कॉलेज. पोरं गेल्यावर हाडं पुसत बसले होते तेवढ्यात सोनीचा व्हिडिओ कॉल आला. तिला दोन्ही टॅलस दाखवले. डावं-उजवं कसं ओळखायचं ते सांगितलं: डोकं पुढे धरायचं, ज्या बाजूला बारीक हाडाची तिकोनी जागा ती बाहेरची बाजू. तिला ते लगेच जमलं. मग म्हणाली, सगळ्यांची नावं हायत तर आपली का नकोत?

मलाही तेच वाटत होतं. आमच्याकडे ताटलीलासुद्धा नाव घातल्याशिवाय चैन पडत नाही. गावात कार्य निघालं की भांडी घरोघर जातात, नाव असलं की मुकाट परत येतात. मी डाव्या टॅलसवर काळ्या शाईनं ‘ऋतुजा’ घातलं. उजवा सोनीनं मागितला, कारण खांबाशी ती उजव्या पायावर वळते. त्यावर ‘सोनाली’. जबडा उरला होता. पोरीची टकळी दिवसभर बंद होत नाही, म्हणून तोही तिलाच बहाल केला आणि त्यावरही तिचं नाव घातलं. दोघी पोट धरून हसलो. शाई हाडानं लगेच पिऊन टाकली, पुसायची गरजच पडली नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

डावं पाऊल बसवलं! बारीक भोकं पाडून पितळी तार ओवायची, एकेक हाड जागेवर आणायचं. दोन दिवस मान मोडून काम केलं. शेवटी टॅलस चिमट्यात सरकवला तेव्हा तो इतका नेमका बसला की तार नसती तरी चाललं असतं. टाच हातात धरून हलवली तर पाऊल वर-खाली झकास हललं. हिंदुराव सर बघून चक्क थांबले आणि वा म्हणाले.

उजव्यासाठी तार पुरली नाही, जबड्याला स्प्रिंगा हव्यात. दोन्ही मागवलंय. संध्याकाळी जिना चढताना डावा घोटा जरा कुरकुरला. दिवसभर स्टुलावर पाय दुमडून बसलं की असंच होणार. ट्यूटरबाईंनी स्वतःला व्यायाम दिला आणि केला नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

घोटा दुखतो आहे. मुरगळला नाही, ठेच नाही, सूज नाही. दाबलं तर कुठे बोट ठेवावं कळत नाही. दुखणं अगदी आत आहे. पोरांना चेष्टेला विषय मिळाला, मॅडमच पेशंट.

सध्या धूळ फार. उन्हाळी वारा सुटला की विभागाच्या लादीवर साय धरल्यासारखी बसते. आज सकाळी कुलूप मीच उघडलं. लादीवर पावलांचे ठसे होते, स्टँडपासून खिडकीपर्यंत. एकाच पायाचे, डाव्या. बोटांच्या जागी नुसत्या टोकांचे ठिपके. प्रत्येक ठशाशेजारी काहीतरी ओढत नेल्याची रेघ. मल्लेशनं पोरांना शिव्या घातल्या आणि झाडू मारून मोकळा झाला. मीही पोरांवर चिडले, हाड हातात धरून ठसे उमटवायचे म्हणजे काय? पण सांगाडा वीतभर वर टांगलेला आहे आणि त्याच्या डाव्या तळव्याला धूळ होती. ती मी स्वतः पुसली.

सोमवार, २८ एप्रिल

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि पहिला प्रश्न विचारला, हाड कधी मोडलं होतं? मी म्हटलं, कधीच नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि फिल्म बघून माझाही बसला नसता. टॅलसला रक्त फार चिंचोळ्या वाटेनं येतं. त्याची मान मोडली की ती वाट तुटते आणि हाड जागच्या जागी मरतं. मेलेलं हाड फिल्मवर शेजारच्या हाडांपेक्षा पांढरं दिसतं. हे मी पोरांना शिकवते. माझा डावा टॅलस खडूसारखा पांढरा होता आणि मान धडधाकट होती. डॉक्टर म्हणाले, एमआरआय करू, तोवर काठी घ्या.

तिथून मी विभागात गेले. का गेले ते सांगता येणार नाही. सांगाड्याची बाकीची हाडं कोरडी, भुरकट आहेत. डावा टॅलस पिवळसर झालाय, ओलसर, तुपाचा हात लागल्यासारखा. मी बोट लावलं. ते कोमट होतं. माझं नाव त्यावर आधीपेक्षा ठळक दिसत होतं.

उन्हाळा आहे, सगळंच कोमट असतं, असं मी रस्ताभर स्वतःला सांगत आले. मला भीती वाटते आहे. हे लिहून टाकलं म्हणजे कमी होईल.

गुरुवार, १ मे

झेंडावंदनाला काठी टेकत गेले. कामगार दिन, त्यामुळे पेठेतले सगळे माग बंद. झेंडा झाला, जिलेबी झाली, सगळे पांगले. माझा अॅप्रन आणि स्कार्फ विभागात खुंटीला होते ते घ्यायला मी वर निघाले. भर दुपार, लख्ख ऊन. माग बंद पडले की भवानी पेठ किती शांत होते ते मला आज कळलं.

जिन्यातच ऐकलं. विभागातून. एक पाऊल, मग ओढल्याचा आवाज. एक पाऊल, ओढल्याचा आवाज. दाराला बाहेरून कुलूप.

रोज हे होत असणार आणि मागांच्या खटाखटीत झाकलं जात असणार. पण अंगावर काटा आला तो आवाजानं नाही. टाच आधी आपटते, जरा थांबते, मग पुढचा पंजा पटकन खाली येतो. ही चाल मी ओळखते. आण्णा दोन शेतं पलीकडून ओळखतील. ती माझी आहे.

अॅप्रन, स्कार्फ तिथेच राहिले.

शनिवार, ३ मे

मल्लेशकडून युवराज सरांचा नंबर घेतला. ते आता चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात बसतात. आधी नीट बोलले. मी हाडांवरच्या नावांबद्दल विचारलं. म्हणाले, त्यांच्या गुडघ्याची वाटी आतल्या आत वाळत गेली, गेल्या वर्षी काढून टाकावी लागली. मंजुनाथ कुठे आहे ते त्यांना माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. मला एकच विचारलं, तुम्ही कुठल्या हाडावर घातलंत? मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला आणि परत उचलला नाही.

माझं झालं ते झालं. पण सोनी.

उजवा टॅलस पेटीतच होता, तार अजून आली नव्हती म्हणून. रुमालात बांधून खोलीवर आणला आणि डब्यात घालून उशाखाली ठेवला. बसवला नाही तोवर काही होणार नाही. होता कामा नये.

हिंदुराव सरांना सगळं सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ऊन लागलंय, चार दिवस सुटी घ्या. कमिटीचं काय ते मल्लेश बघेल, स्प्रिंगा आल्यात, जबडा तो आजच बसवतोय. मी मान हलवून आले. मला नुसता तो डबा जपायचा होता.

सोमवार, ५ मे

नाव पुसायला घेतलं. पाणी, स्पिरिट, कशानंही जात नाही. शाई वर नाहीच, आत आहे. मग ब्लेड घेतलं आणि ‘सो’ खरवडायला लागले. थोडी पूड निघाली. ओलसर होती.

तेवढ्यात आईचा फोन. सोनी अंगणात किंचाळत होती. उजव्या घोट्याच्या आत कुणीतरी सुरी फिरवतंय म्हणत होती. मागून तिचं रडणं मला ऐकू येत होतं.

ब्लेड फेकून दिलं. म्हणजे न बसवताही— नाव घातलं तेव्हाच ते झालं. आता ते फोडायचं नाही, जाळायचं नाही, फेकायचंही नाही. मी काहीच करू शकत नाही. ही सगळी माझी करणी आहे आणि पाय तिचा आहे.

मंगळवार, ६ मे

आण्णांना फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, भांड्यावर एकाचं नाव असलं आणि ते दुसऱ्याला दिलं तर काय करतात? ते म्हणाले, "नवं नाव घालायचं की जुन्यावर. नाव कशापायी आस्तंय? ज्याचं हाय त्याच्याकडं जावं म्हून. शेवटचं नाव दिसंल तो मालक."

मी पेन घेतलं. ‘सोनाली’वर जाड अक्षरात ‘ऋतुजा’ घातलं. दोनदा गिरवलं. खालचं नाव अजून थोडं दिसतं, पण माझं वर आहे.

दुपारपर्यंत उजवा घोटा दुखायला लागला. अगदी आत. मी आनंदानं रडले, कमलम्मा वर बघायला आल्या. सोनीला फोन लावला. दुखायचं थांबलं होतं, पळून बघितलं म्हणाली, झकास! फक्त दाढ ठणकतेय, शनिवारपासून जबडा आखडल्यासारखा झालाय. लवंग धर म्हटलं. अक्कलदाढ असेल, वयच आहे. पाय सुटला ना, बास.

शिबिराला आलीस तरी माझ्याकडे उतरू नकोस, मैत्रिणीकडे राहा, असं बजावून सांगितलं. ती रुसली. रुसू दे.

गुरुवार, ८ मे

उभं राहता येत नाही. दोन्ही पाय घोट्यापाशी— तिथे काही नाहीच असं वाटतं. भिंतीला धरून मोरीपर्यंत सरपटत जाते.

कमलम्मा संध्याकाळी भात घेऊन आल्या त्या रागावलेल्याच. सकाळी गल्लीतून जाताना त्यांनी मला हाक मारली म्हणे. पांढरा अॅप्रन, तोंडाला स्कार्फ. मी उत्तर दिलं नाही. "टाच आपटत गेलीस, अम्मा. एक पाय जरा ओढत होती. आणि आता म्हणते चालता येत नाही."

मी अंथरुणातून हललेच नव्हते.

त्या खाली गेल्यावर डबा काढला. झाकण घट्ट. आत रुमाल. रुमालात काही नाही.

दुपारी डोळा लागला होता, फक्त तेवढाच वेळ. जिन्याच्या पायऱ्यांवर धूळ आहे, दारातून दिसते. वर येताना डावा ठसा आणि रेघ. खाली जाताना— दोन्ही पाय.

शुक्रवार, ९ मे

सकाळ. आईचा फोन. मी अंथरुणाला खिळलेय हे कमलम्मांनी तिला कळवलं, चांगल्या मनानं. सोनी पहिल्या गाडीनं निघाली. थांबवा म्हटलं तर आई म्हणाली, बहिणीसाठी निघाली ती, मी कशी थांबवू?

सोनीला फोन. मंगळवेढ्याच्या पुढे आलीय. नीट बोलता येत नाही तिला, तोंड उघडत नाही म्हणाली, शब्द चावल्यासारखे येत होते. मी ओरडले, उतर, परत जा. तिला वाटलं मी तापात बोलतेय. नुसती दाढ नव्हे, अख्खा जबडाच—

जबडा.

जबडा. मी त्यावर— हसत हसत— आणि मल्लेशनं शनिवारीच—

घोटा सोडवला आणि मी नाचले. जबडा तिथे बसवलेला, माझ्या डोक्यात एकदाही—

मल्लेशला फोन. जा आणि तो जबडा काढ, माझ्यासाठी काढ. तो म्हणाला, काढू कुठून, स्टँड रिकामा आहे, सांगाडा तुम्हीच नेला ना? गेटवरच्या माणसानं बघितलं म्हणे, मॅडम मघाशी फाटकातून गेल्या. पाय बरा झाला वाटतं, म्हणाला.

कमलम्मा विड्या द्यायला कारखान्यात गेल्यात. खाली माग चालू, माझी हाक कुणाला ऐकू येत नाही.

दुपार. सोनीचा फोन. अडखळत, पण खुशीत: "लबाड हाईस बघ ताई! चालाया येत न्हाय म्हन्तीस आन् स्टँडवर हुबी व्हय? तोंड बांधलं म्हून काय वळखू यायची न्हाईस? लांबनंच म्हटलं, टाच हानत येती ती आमची—"

मी ओरडले, ती मी नाही, सोने, पळ, तुझ्या पायांनी पळ. तिनं फोन खिशात टाकला होता. पुढे नुसतं ऐकू येत होतं. ती बोलत होती, समोरून उत्तर नव्हतं. मग ती एकदम थांबली, वाक्याच्या मधेच. मग स्टँडचा गोंगाट. मग फोन बंद.

परत लावला. लागत नाही. परत. लागत नाही.

दाराला कडी आहे. दारापर्यंत पोचता आलं तर— पण ती बाहेर असली तर? कडी लावली आणि सोनी बाहेर राहिली तर?

कडी लावलेली नाही.

लाईट गेली. माग बंद पडले.

जिना बोलतोय.

टाच. पंजा. टाच. पंजा. रेघ नाही, ओढणं नाही. चांगली चाल आहे. मीच शिकवते अशी.

दुसरी पावलं ऐकतेय. सोनी दोन-दोन पायऱ्या उडी मारत येते, ते ओळखायला मला डोळे लागत नाहीत. ऐकतेय. नाहीत.

दाराशी थांबलंय.

ताई, म्हणतंय. ताई, दार उघड की.

आवाज सोनीचा आहे. अगदी तिचाच, अडखळत नाही आता. पण जिन्यानं एकच चाल वर आली आणि ती माझी होती, मग सोनी कुठं